पावसामागची वाट: सेरेंगेटी-मारा स्थलांतराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येऊ लागतो, "नदी कधी ओलांडणार?" म्हणजे पूर्व आफ्रिकेतले वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी कधी ओलांडणार. मगरी, उड्या, धुरळा हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं, त्यामुळे स्थलांतर म्हणजे नदी असं डोक्यात बसतं. मी तिथं तीनदा जाऊन आले. दोनदा ऑगस्टमध्ये आणि एकदा फेब्रुवारीत. फेब्रुवारीच्या त्या फेरीनंतर माझं बघणंच बदललं. नदी हा वर्षभराच्या चालण्यातला अगदी छोटा तुकडा आहे. बाकीचं सगळं घडतं ते गवतात आणि पावसात. म्हणून लोक मला विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

हे स्थलांतर नक्की कुठं होतं आणि चालतं कोण?

टांझानियाचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला केनियाचा नैर्ऋत्य कोपरा. टांझानियात सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान आहे, १४,७६३ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. केनियात मसाई मारा, साधारण १,५०० चौरस किलोमीटर. मधली सीमा माणसांची. जनावरं ती जुमानत नाहीत. दक्षिणेला न्गोरोंगोरोचा संरक्षित प्रदेश, पूर्वेला लोलिओंडो, पश्चिमेला व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा पट्टा, असा सगळा मिळून २५ हजार चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख ती वापरतात. सेरेंगेटी हे नाव मसाई लोकांच्या 'सिरिंगेट' या शब्दावरून आलं, अर्थ 'जिथं जमीन संपतच नाही ती जागा'. तिथल्या माळावर उभं राहिलं की हे नाव कुणी सुचवलं असेल याचं कोडं पडत नाही.

चालणाऱ्यांत सर्वात जास्त वाइल्डबीस्ट. गेली कित्येक वर्षं त्यांचा आकडा १३ लाखांच्या आसपास सांगितला जातो. त्यांच्यासोबत सुमारे २ लाख झेब्रे, आणि काही लाख थॉमसन गॅझेल, जे आपल्या चिंकाऱ्याच्या नात्यातले. थोडी इलंड नावाची मोठी कुरंगंही असतात.

वाइल्डबीस्टला मराठीत काय म्हणायचं?

आपल्याकडे हा प्राणी नाही, म्हणून नावही नाही. काही जण 'रानगवा' लिहितात, ते चूक. गवा वेगळा, आणि वाइल्डबीस्ट तोंडानं गाईसारखा दिसला तरी कुरंगांच्या कुळातला आहे. त्याचं दुसरं नाव 'न्यू', आणि कळपात उभं राहिलं की चहूबाजूंनी तसाच घोगरा आवाज येत राहतो. स्वाहिलीत त्याला 'न्युंबू' म्हणतात. झेब्र्याला 'पुंडा मिलिया', म्हणजे पट्ट्यांचं गाढव. आणि 'सफारी' हा शब्द आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ, दोन्ही अरबीतून आलेले.

स्थलांतर सुरू कधी होतं आणि संपतं कधी?

सुरूही होत नाही आणि संपतही नाही. हा एक गोल फेरा आहे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणारा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथं छोटा पाऊस येतो, त्याला 'वुली' म्हणतात. तेव्हा कळप उत्तरेकडून खाली उतरतात आणि जानेवारी ते मार्च सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या आखूड गवताच्या माळावर, एनडुटूच्या परिसरात, राहतात. तिथंच माद्या वितात. मार्च ते मे मोठा पाऊस, 'मसिका'. तो ओसरला की माळ झपाट्यानं सुकतो, डबकी आटतात, आणि मेमध्ये लांबच लांब रांगा वायव्येकडे निघतात. मे-जूनमध्ये चालता चालताच माद्या माजावर येतात आणि नरांच्या झटापटी सुरू होतात. वाटेत ग्रुमेटी नदी. जुलैच्या सुमारास आघाडीचे कळप मारा नदीपाशी पोचतात आणि ऑक्टोबरपर्यंत नदीच्या दोन्ही तीरांवर राहतात. मग दक्षिणेत ढग दिसू लागतात आणि पुन्हा परत.

हे कॅलेंडर भिंतीवर लावून ठेवण्यासारखं नाही. पाऊस पंधरा दिवस पुढंमागं झाला की कळपही होतात. मृगाचा पाऊस सातला येईल की वीसला, हे आपल्या शेतकऱ्याला जेवढं सांगता येतं, तेवढंच तिथल्या वाटाड्याला सांगता येतं. नकाशावर फेरा आठशे-हजार किलोमीटरचा दिसतो, पण पावसाच्या सरी जिथं पडतील तिथं वळत, मागं येत, पुन्हा पुढं जात प्रत्यक्ष चाल त्याहून कितीतरी जास्त होते.

माराकाठी बारमाही पाणी आहे, पाऊसही जास्त. मग तिथंच का राहत नाहीत?

मला विचाराल तर या साऱ्या विषयातला सर्वात चांगला प्रश्न हाच. पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी उत्तरेला जातात हे कुणालाही पटतं. पण उत्तरेत सगळं असताना पुन्हा दक्षिणेच्या उघड्या माळावर का यायचं?

उत्तर जमिनीत आहे. दक्षिणेकडच्या माळावर न्गोरोंगोरोच्या डोंगराळ भागातल्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं पडत आली. त्यातला ओल्डोन्यो लेंगाई आजही जागा आहे. मसाई भाषेत त्याचा अर्थ 'देवाचा डोंगर'. या राखेमुळे तिथल्या मातीत कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम भरपूर. गवत बोटभरच उंच, पण कसदार. पान्हा असलेल्या मादीला आणि वाढत्या वासराला नेमकं हेच लागतं. उत्तरेतलं गवत उंच आणि भरपूर, पण त्यात फॉस्फरस कमी. दुभत्या गाईला नुसत्या कडब्यावर ठेवलं तर काय होतं हे ज्याच्या दावणीला गाय आहे त्याला विचारा.

राखेचा दुसरा परिणाम असा की वरच्या मातीखाली चुनखडीचा टणक थर तयार झाला आहे. झाडांची मुळं तो फोडू शकत नाहीत, म्हणून मैलोन्‌मैल एक झाड दिसत नाही. झाड नाही, उंच गवत नाही, म्हणजे सिंहाला दबा धरायला जागाही कमी. वासरं घेऊन राहायला यापेक्षा बरी जागा नाही.

मग बारा महिने तिथंच का नाही? कारण तिथं पाऊसच जेमतेम. उन्हाळ्यासारखा कोरडा काळ आला की उरलंसुरलं पाणी खारट होतं आणि गवत करपतं. थोडक्यात, दक्षिणेत कस आहे पण पाणी नाही, उत्तरेत पाणी आहे पण कस नाही. या दोन अपुऱ्या जागांच्या मधे तेरा लाख जनावरं चालत राहतात. आपले मेंढपाळ धनगर पाऊस संपला की कळप घेऊन देशावरून कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

फेब्रुवारीत सगळ्या माद्या एकदमच का वितात?

वर्षभरातली बहुतेक वासरं, साधारण ऐंशी टक्के, दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. त्या काळात माळावर इतकी वासरं असतात की तरस, सिंह, चित्ते, कोल्हे सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी बहुतांश वाचतात. जे वासरू हंगामाच्या आधी किंवा नंतर जन्मतं त्याच्यावर मात्र सगळ्यांचे डोळे लागतात.

एनडुटूला एका सकाळी आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर एक मादी सारखी ऊठबस करत होती. चालकानं इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "पोले पोले." सावकाश, गडबड नको. वासरू बाहेर आलं ते ओलं, फिकट बदामी रंगाचं. आईनं चाटायला सुरुवात केली. त्यानं मागचे पाय उचलले, पुढच्या गुडघ्यांवर पडलं. पुन्हा उठलं, बाजूला कलंडलं. तिसऱ्या वेळी चारही पाय फाकवून उभं राहिलं, थरथरत. माझ्या घड्याळात सात मिनिटं झाली होती. गाडीत कुणी बोलत नव्हतं. ते आधी आचळाकडे न जाता पोटाखाली चुकीच्या बाजूला तोंड मारत राहिलं, मग सापडलं. थोड्या वेळानं ती दोघं कळपात मिसळली आणि आम्हाला पुन्हा ओळखता आली नाहीत. दूर एक तरस बसलेलं होतं. त्यानं मान वर करून पाहिलं आणि परत खाली टाकली. त्याचं पोट भरलेलं होतं.

वासरू आईला वासावरून आणि आवाजावरून ओळखतं. पहिल्या काही दिवसांत ताटातूट झाली तर ते संपलंच, कारण दुसरी मादी त्याला जवळ करत नाही. हाका मारत गाडीच्या मागं पळणारं वासरू मी पाहिलं आहे. त्यावर लिहवत नाही.

झेब्रे आणि वाइल्डबीस्ट एकत्र का असतात?

दोघांचं ताट एक, पण घास वेगळे. झेब्रा रवंथ करत नाही. त्याचं पोट घोड्यासारखं, त्यामुळे उंच, जाडंभरडं गवतही तो भराभर पचवून पुढं जातो. त्यानं शेंडे खाल्ले की खालची पानं उघडी होतात, ती रवंथ करणाऱ्या वाइल्डबीस्टला हवी असतात. सगळ्यात शेवटी छोटे गॅझेल येतात आणि नव्यानं फुटलेले कोवळे कोंब वेचतात. शिवाय इतके डोळे आणि इतके कान एकत्र असले की शिकारी लवकर कळतो.

राहण्याची रीत मात्र वेगळी. झेब्र्यांचं कुटुंब असतं, एक घोडा, चार-पाच घोड्या आणि शिंगरं, आणि ते वर्षानुवर्षं एकत्र टिकतं. वाइल्डबीस्टमध्ये आई आणि वासरू सोडलं तर कुणी कुणाचं नाही.

कळपाचा पुढारी कोण असतो?

कुणीही नाही. जो पुढं चालला त्याच्या मागं बाकीचे. पुढच्या खुरांच्या मधल्या ग्रंथींतून वास जमिनीवर उतरतो, मागचे त्या वाटेनं येतात. जनावरांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे बांधून केलेल्या नोंदींत दिसतं की ती हिरवळ वाढत असलेल्या दिशेनं सरकतात. नदीकाठी हे 'पुढारी नसणं' डोळ्यांनी दिसतं. हजारोंचा जमाव काठावर येऊन उभा राहतो, आणि पहिलं पाऊल टाकायला कुणी तयार नसतं.

नदी ओलांडणं बघायचं असेल तर कधी आणि कुठं जावं?

ऑगस्ट आणि सप्टेंबर. उत्तर सेरेंगेटीतल्या कोगाटेंडेच्या बाजूनं किंवा मसाई मारातून. एकच दिवस हातात असेल तर जाऊ नका, निराशा पदरी येईल. निदान तीन-चार रात्री तरी ठेवा. आणि एकदा ओलांडली म्हणजे संपलं असंही नाही. तोच कळप पलीकडच्या पावसाच्या नादानं आज गेला आणि परवा परत आला, असं दोन महिने चालतं.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगते. माझ्या पहिल्या फेरीत एका दुपारी आम्ही एका उताराजवळ तीन तास थांबलो होतो. काठावर काही हजार जनावरं. दोन झेब्रे पाण्याला तोंड लावून मागं सरले, पुन्हा आले, पुन्हा सरले. शेवटी एक वाइल्डबीस्ट दरडीवरून घसरत खाली आला आणि पाण्यात शिरला. त्याच क्षणी वीस-पंचवीस गाड्या धुरळा उडवत काठाकडे सुटल्या. आमचीही. गाडीतल्या लोकांनी "पुढं घ्या, पुढं घ्या" म्हणून आरडाओरडा केला, त्यात माझाही आवाज होता. जनावरांची उतरायची वाटच गाड्यांनी अडली. मागचे बुजून फिरले, आणि पाण्यात शिरलेली पन्नासेक पलीकडे एकटी पडली. त्यांतली कित्येक वासरं अलीकडच्या काठाकडे तोंड करून ओरडत राहिली.

म्हणून चालकाला आधीच सांगून ठेवा: आम्हाला लांबून दिसलं तरी चालेल, वाट अडवू नका. चालकावर बक्षिसीचा आणि गिऱ्हाइकाच्या नाराजीचा दबाव असतो. तुम्ही आपणहून सांगितलंत तर तो सुटकेचा निःश्वास सोडतो, हे मी नंतरच्या दोन्ही फेऱ्यांत अनुभवलं.

मगरी किती जनावरं मारतात?

पडद्यावर दिसतात त्यापेक्षा फारच कमी. नदीत मरणारी बहुतेक जनावरं बुडून मरतात. चेंगराचेंगरी होते, समोरची दरड चढता येत नाही, प्रवाह जोराचा असतो. २००१ ते २०१५ या काळातल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात दरवर्षी सरासरी ६,२५० वाइल्डबीस्ट मारा नदीत बुडतात असं दिसलं. वजनात ते १,१०० टनांच्या आसपास. गिधाडं आणि मराबू करकोचे मांसाचा काही वाटा उचलतात, मासे खातात, आणि हाडं तर सात-सात वर्षं पाण्यात विरघळत नदीला फॉस्फरस देत राहतात. आधी मला काठावरचे ते सांगाडे नुसते भेसूर वाटायचे.

पण एकूण कळपाच्या मानानं हे मरणही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. वाइल्डबीस्टचा खरा काळ म्हणजे भूक. कोरड्या महिन्यांत चारा कमी पडला की अशक्त जनावरं खंगत जातात, आणि बहुतांश मृत्यू असे होतात. म्हणजे नदीपेक्षा त्या वर्षीचा पाऊस किती झाला, यावर कळपाचा आकडा ठरतो.

शिकारी प्राणी कळपांबरोबर फिरतात का?

सिंह नाही. त्यांची हद्द ठरलेली, कळप तिथून जाईल तेव्हा चंगळ, बाकी महिने उपासमारीची. तरस मात्र विलक्षण. सेरेंगेटीतली तरसाची मादी पिल्लांना बिळात ठेवून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब कळपापर्यंत जाते, खाते, आणि दूध पाजायला परत येते. मग पुन्हा निघते. तरसाबद्दल ज्यांच्या मनात किळस आहे त्यांनी हे एकदा डोळ्यांपुढं आणावं.

पूर्वीपासून तिथं इतकीच जनावरं होती का?

नाही, आणि ही गोष्ट आपल्याही मातीला येऊन भिडते.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना 'बुळकांडी' शब्द ठाऊक असतो. गुरांची ती साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. १८८७ च्या सुमारास ही बुळकांडी लाल समुद्राच्या काठावर, आजच्या एरिट्रियात, आफ्रिकेत शिरली. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली, आणि ती गुरं भारतातून नेलेली होती असं बहुतेक इतिहासांत नमूद आहे. दहाएक वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. मसाईंची जवळजवळ सगळी गुरं मेली आणि पाठोपाठ माणसं भुकेनं मेली. त्या काळाला ते 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सगळं पुसलं जाणं. रानम्हशी आणि वाइल्डबीस्टही गेले. नंतरची सत्तर वर्षं हा रोग तिथं धुमसत राहिला आणि वासरांना पहिल्या वर्षीच गाठत राहिला.

मग केनियातल्या मुगुगा इथल्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लोराइट यांनी चांगली लस तयार केली. सेरेंगेटीच्या भोवतीच्या गुरांना लसी टोचायचं काम पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला जोरात सुरू झालं, आणि १९६३ पर्यंत वाइल्डबीस्टमधून बुळकांडी नाहीशी झाली. एकाही वाइल्डबीस्टला सुई लावावी लागली नाही. रोगाचं ठाणं गुरांत होतं, ते उठवल्यावर रान आपोआप मोकळं झालं. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत जवळपास १४ लाख झाले.

त्याचे परिणाम गवतापर्यंतच थांबले नाहीत. इतकी तोंडं चरू लागली तसं उंच वाळकं गवत उरेना. गवत नाही तर वणवे कमी. वणवे कमी झाले तशी झाडं वाढली.

भारतानंही या रोगाशी शंभर वर्षं झुंज दिली. त्यासाठीची आपली पहिली प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, मग ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली, आणि तिचीच पुढं बरेलीची पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसरा रोग.

इतकी जनावरं मोजतात कशी?

१९५८ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून पहिली मोठी मोजणी केली. जानेवारी १९५९ मध्ये एका गिधाडाशी टक्कर होऊन ते विमान कोसळलं आणि मिखाएल गेला. चोवीस वर्षांचा होता. न्गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर त्याचं स्मारक आहे.

पुढं ठरावीक पट्ट्यांवरून उडत फोटो काढायचे आणि त्यांतली जनावरं मोजून एकूण अंदाज बांधायचा, अशी रीत पडली. तेरा लाखांचा आकडा त्यातून आला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र २०२२ आणि २०२३ चे उपग्रहांचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घेतले, आणि आकडा सहा लाखांच्याही खाली आला. झाडाखालची जनावरं उपग्रहाला दिसत नाहीत, तरी फरक मोठा आहे. तेरा लाख हा आकडा यापुढं डोळे मिटून सांगू नये, एवढं तरी खरं.

मसाई लोकांचं या सगळ्यात काय?

त्यांच्या गुरांच्या चराईचा हा मुलूख. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून त्यांना हलवून न्गोरोंगोरोच्या बाजूला नेलं गेलं, आणि जमिनीचे ते वाद आजही धगधगत आहेत. पर्यटकांच्या माहितीपत्रकात लाल शुका पांघरलेले मसाई असतात, ही हकीकत नसते.

वाइल्डबीस्टच्या वासरांकडून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो. वाइल्डबीस्टना त्याचं काही होत नाही, गाय मात्र वाचत नाही. म्हणून विण्याच्या हंगामात मसाई आपली गुरं त्या कसदार माळावरून काढून डोंगराकडे नेतात. वर्षातला सगळ्यात चांगला चारा ते डोळ्यांदेखत सोडून देतात.

जगात दुसरीकडे असं होतं का?

होतं, आणि याहून मोठंही. दक्षिण सुदानमध्ये २०२३ साली झालेल्या हवाई पाहणीत सुमारे ६० लाख कुरंगं फिरताना दिसली. त्यांत बहुतेक पांढऱ्या कानांचे कोब. इतक्या वर्षांच्या यादवीनंतरही ती शिल्लक आहेत. झांबियात लिउवाच्या माळावर वाइल्डबीस्टचा छोटा फेरा असतो. दक्षिण आफ्रिकेत एकेकाळी स्प्रिंगबॉक लाखांनी चालत असत, ते एकोणिसाव्या शतकाअखेरीस थांबलं, ते थांबलंच.

महाराष्ट्रातून जायचं तर काय लक्षात ठेवावं?

मुंबईहून नैरोबीला थेट विमानानं सहाएक तास. केनियासाठी आता व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. केनियातून परतताना ते नसेल तर इथल्या विमानतळावर विलगीकरणात अडकाल. प्लास्टिकच्या पिशव्यांना दोन्ही देशांत बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात न्या. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माश्या त्यांवर येतात. आणि मारातून थेट सेरेंगेटीत गाडीनं जाता येत नाही. जनावरं नदी ओलांडतात तिथून आपल्याला परवानगी नाही, पश्चिमेकडच्या इसिबानियाच्या नाक्याला वळसा घालावा लागतो.

या स्थलांतराला धोका कशाचा आहे?

कुंपणाचा. शिकारीचा आहे, पाण्याचाही आहे. मारा नदी माऊच्या जंगलातून येते, आणि ते जंगल शेतीसाठी बरंच तुटलं आहे. २०१० मध्ये उत्तर सेरेंगेटीतून हमरस्ता काढायचं ठरलं होतं. २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयानं डांबरी रस्त्याला मनाई केली.

तरी मला सगळ्यात भीती वाटते ती तारेची. नैरोबीच्या दक्षिणेला आथी-कापुटीच्या माळावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस २५ हजारांहून अधिक वाइल्डबीस्ट होते. जमिनीचे तुकडे पडले, प्रत्येकानं आपापला तुकडा तारेनं बंद केला, आणि २०११ पर्यंत ते ३ हजारांच्या आत आले. कुणी त्यांना मारायला निघालं नव्हतं. माराच्या उत्तरेला लोइटाच्या माळावर आज तेच चाललं आहे. बोट्स्वानात गुरांच्या रोगासाठी घातलेल्या कुंपणांपाशी १९८० च्या दशकातल्या दुष्काळात वाइल्डबीस्ट हजारोंनी तहानेनं मेले. पाणी कुंपणाच्या पलीकडे होतं.

एकदा तुटलेली वाट पुन्हा जुळते का?

एका ठिकाणी जुळली. बोट्स्वानात ओकावांगोच्या पाणथळीपासून मकगाडिकगाडीच्या मिठागरांकडे झेब्रे जात असत. १९६८ मध्ये मधे कुंपण आलं आणि येणंजाणं बंद पडलं. २००४ मध्ये कुंपण काढलं. काही वर्षांत गळ्यात माग काढणारे पट्टे बांधलेले झेब्रे त्याच दिशेनं चालू लागल्याचं दिसलं, जाऊन येऊन पाचशे किलोमीटरहून जास्त. रानातला झेब्रा क्वचितच वीस वर्षांपलीकडे जगतो, आणि कुंपण छत्तीस वर्षं उभं होतं. म्हणजे त्या वाटेनं पूर्वी गेलेलं एकही जनावर त्या कळपात नव्हतं. पहिला पाऊस पडला आणि ते निघाले.